डेबियनवर टॉर: हिरवं 'ॲक्टिव्ह' बघून फसू नका, या चुका टाळा

टॉर म्हणजे इंटरनेटवर ओळख लपवणारं सॉफ्टवेअर. डेबियन लिनक्सवर ते चालतंय का बघायला 'सिस्टमसीटीएल स्टेटस टॉर' मारलं, हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह' दिसलं, की आपण निर्धास्त. जरा पुढे वाचा. शेजारी कंसात 'एक्झिटेड' लिहिलेलं असतं. डेबियनच्या पॅकेजात 'टॉर' ही सर्व्हिस नावापुरती असते, खरं काम 'टॉर@डीफॉल्ट' करते. ती आडवी पडली तरी वरची हिरवीच. मी अर्धी रात्र चुकीच्या सर्व्हिसचे लॉग चाळण्यात घालवली आहे.

यापेक्षा महागात पडते ती रूटची (सर्वाधिकारी युजरची) घाई. कॉन्फिग बरोबर आहे का बघायला रूट म्हणूनच 'टॉर --व्हेरिफाय-कॉन्फिग' चालवलं, की ते कुरकुरतं: ओनियन सर्व्हिसचं (टॉरमधूनच उघडणाऱ्या साइटचं) फोल्डर रूटच्या नव्हे, 'डेबियन-टॉर' या युजरच्या मालकीचं आहे! अहो, तसंच असायला हवं. पण लोक लगेच मालकी बदलतात, वर सगळ्यांना परवानग्या वाटून मोकळे होतात आणि धडधाकट सर्व्हिस बंद पाडतात. टॉरला ते फोल्डर ७०० (फक्त मालकालाच प्रवेश) परवानगीचंच लागतं. तपासणी 'सुडो -यू डेबियन-टॉर' लावून करा, तक्रार आपोआप जाते.

मालकी, परवानगी सगळं ठीक, तरी 'परमिशन डिनाइड'? मग फोल्डर /वार/लिब/टॉर मधून दुसरीकडे हलवलंय का ते आठवा. पॅकेजासोबत येणारं ॲपआर्मरचं (प्रोग्रॅमला कुठल्या फाइल वापरू द्यायच्या ते ठरवणाऱ्या यंत्रणेचं) 'सिस्टम_टॉर' प्रोफाइल नव्या जागेला हात लावू देत नाही; कर्नलच्या लॉगमध्ये 'डिनाइड' सापडेल. प्रोफाइल बंद करू नका. फोल्डर मूळ जागी ठेवणं सर्वांत सोपं.

टॉरमधून पान आणायला कर्लला (कमांडवरून वेबपानं आणणाऱ्या साधनाला) प्रॉक्सीचा प्रकार म्हणून 'सॉक्स५' दिलंत तर साइटचं नाव तुमचं मशीनच शोधतं, म्हणजे डीएनएस चौकशी टॉरच्या बाहेरून जाते. 'सॉक्स५एच' लिहा. आणि टॉरमधून पिंग होत नाही म्हणून डोकं खाजवू नका, ते होतच नसतं.

पॅकेज सांभाळणाऱ्यांनी मूळ कोडला पॅच लावताना २००८ आठवावं. व्हॅलग्रिंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाच्या इशाऱ्यांवर उपाय म्हणून डेबियनमध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या दोन ओळी २००६ मध्ये काढल्या गेल्या आणि तयार होणाऱ्या किल्ल्या अंदाजाने शोधता येण्याइतक्या कच्च्या झाल्या. हे मे २००८ मध्ये उघड झालं. टॉरच्या काही डिरेक्टरी ऑथॉरिटी (नेटवर्कमधल्या सर्व्हरांची यादी ठरवणारे सर्व्हर) डेबियनवर होत्या, त्यांच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. या ऑथॉरिटींची ओळख टॉरमध्येच लिहिलेली असल्याने डेबियनला कधी हात न लावलेल्यांनाही टॉर अपडेट करावं लागलं.