टू-व्हीलर शोरूमच्या सर्व्हिसला लागताय? मग पार्ट आणि वॉरंटीचं आधी समजून घ्या

आयटीआय नाहीतर ऑटोमोबाईल डिप्लोमा झाला की सांगली, मिरज, इस्लामपूर, विटा भागातली बरीच पोरं टू-व्हीलर शोरूमच्या सर्व्हिसला लागतात आणि बहुतेकांच्या डोक्यात एकच असतं की आपल्याला इंजिन खोलायला येतं म्हणजे जमलं. इंजिन यायलाच पाहिजे, त्यात वादच नाही, पण मी मेकॅनिक, मग सर्व्हिस अॅडव्हायझर, म्हणजे काउंटरला गिऱ्हाईकाची तक्रार लिहून घेणारा, आणि आता वॉरंटीचं टेबल असं सगळं बघितलंय म्हणून सांगतो, खरा कस लागतो तो फॉल्ट सापडल्यानंतर. फॉल्ट सापडला, पार्ट कुठला ते कळलं, आणि पार्ट स्टोअरमध्ये नाही, कंपनीच्या स्पेअर डेपोतही नाही, सिस्टीमला नुसतं 'बॅक ऑर्डर', म्हणजे ऑर्डर घेतलीय पण माल नाही, असं दिसतंय, गिऱ्हाईक काउंटरला उभं आहे. आता काय करायचं हे कुठल्याही सिलॅबसमध्ये नाही.

पार्ट का मिळत नाही ते आधी समजून घ्या, म्हणजे गिऱ्हाईकाला आणि मालकाला दोघांनाही नीट सांगता येतं. पार्ट बनवणारा व्हेंडर तोच असतो, त्याचा माल आधी नवीन गाड्यांच्या लाईनला जातो, उरला की स्पेअरला. नवीन मॉडेल आलं की गाडी शोरूमला लागते, बॅनर लागतात, पण त्या मॉडेलचा मीटर, वायरिंग, साइड पॅनेल स्पेअरच्या डेपोत यायला वेळ जातो, तेवढ्यात एखादी गाडी पडली की बसा वाट बघत. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ आलं, बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन, सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक मेंदू, हे आले. आधी जेट, फ्लोट, नीडल असं बाहेरच्या दुकानातनंही मिळायचं आणि गाडी संध्याकाळी बाहेर पडायची, आता ईसीयू गेला तर कंपनीशिवाय दुसरा दरवाजाच नाही. त्यातनं २०२१ ला सेमीकंडक्टरचा तुटवडा आला तेव्हा एबीएस युनिट आणि डिजिटल मीटरसाठी किती थांबावं लागलं ते त्या काळात काउंटरला उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. आणि आपण पुणे-मुंबई नाही, इथं माल ट्रान्सपोर्टनं येतो, नाहीतर अगदीच घाई असली तर पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत पार्सल टाकायला सांगावं लागतं, आणि ते पहाटे जाऊन आणायचं काम नवीन पोराकडंच येतं.

ऑर्डरचे प्रकार पहिल्या आठवड्यातच शिकून घ्या. बहुतेक कंपन्यांत दोन असतात, एक स्टॉक ऑर्डर, म्हणजे नेहमीचा माल, आणि दुसरी व्हीओआर, म्हणजे गाडी बंद पडून उभी आहे आणि ह्या पार्टवाचून हलत नाही. व्हीओआरला चेसिस नंबर आणि जॉब कार्डचा, म्हणजे गाडी आत घेताना तक्रार आणि काम लिहितात त्या कागदाचा, नंबर द्यावा लागतो, ती आधी सुटते, पण डिस्काउंट कमी किंवा भाडं जास्त, त्यामुळं काही ठिकाणी पार्टवाले ती टाकायला टाळतात आणि पुढच्या स्टॉक ऑर्डरमध्ये घालतो म्हणतात. गाडी खरंच उभी असेल तर अॅडव्हायझर म्हणून तुम्ही आग्रह धरा, त्याच दिवशी ऑर्डर पडली का बघा आणि ऑर्डर नंबर जॉब कार्डवर लिहून घ्या. नंबर सुपरसीड झालाय का तेही बघा, जुन्या पार्ट नंबरवर ऑर्डर टाकून बसलं आणि कंपनीनं कधीच नवीन नंबर काढलाय असं सारखं होतं, माल डेपोत असतो आणि आपण थांबलेलो असतो.

स्टोअरमध्ये काय ठेवायचं याला कंपनीचा आकडेमोडीचा नियम असतो, फास्ट, स्लो, नॉन-मूव्हिंग वगैरे, तो चांगलाच आहे, पण आपल्या भागाचं कॅलेंडर त्याला माहीत नसतं. दसरा, दिवाळी, पाडव्याला गाड्या निघाल्या की महिना-दीड महिन्यानं पहिल्या फ्री सर्व्हिसची रांग लागते, तेव्हा ऑइल आणि फिल्टर आधीच भरलेला पाहिजे. उसाचा सीझन सुरू झाला की शेतरस्त्यावरच्या गाड्या धुरळा खातात, एअर फिल्टर, चेन किट, क्लच प्लेट. तासगाव, कवठेमहांकाळकडं द्राक्षाच्या हंगामात शेतकरी गाडी दिवसभर ठेवूनच देत नाही, सकाळी आणतो आणि बाराला पाहिजे म्हणतो, त्याचंही बरोबर आहे, बागेत माणसं लावलेली असतात. हे जो पार्टवाला ध्यानात ठेवतो त्याचं वर्कशॉप चालतं. महिनाअखेरीला टार्गेटसाठी कंपनीचा माणूस न खपणारा माल गळ्यात मारतो, आणि मालकाचे पैसे त्यात अडकले की पाहिजे तो पार्ट घ्यायला बजेट राहत नाही, हे दुखणं बऱ्याच डीलरांचं आहे आणि मला तरी ते अन्यायाचं वाटतं.

आता वॉरंटी. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण नवीन पोरं इथंच मार खातात.

वॉरंटी क्लेम पास होतो की रिजेक्ट, ते जॉब कार्डवरच्या एका ओळीवर ठरतं. एक उदाहरण घ्या. जत तालुक्यातनं एक मामा गाडी टेम्पोत घालून आणतात, गाडी धड चालू होत नाही. अॅडव्हायझर लिहितो, 'स्टार्टिंग प्रॉब्लेम'. पुढं फ्युएल पंप खराब निघतो, क्लेम टाकला की रिजेक्ट, कारण तक्रार आणि पार्ट जुळत नाही आणि पुरावा नाही. तीच गाडी, तेच मामा, पण दुसऱ्यानं लिहिलं, 'सकाळी गाडी थंड असताना चावी ऑन केल्यावर पंपाचा आवाज येत नाही, दोन-तीनदा चावी फिरवल्यावर येतो, चालताना मधेच बंद पडते, चार दिवसांपासून', मग चावी ऑन करून आवाज येत नाही याचा व्हिडिओ, मीटरवरच्या किलोमीटरचा फोटो, चेसिस नंबरचा फोटो, पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज येतंय याचा मल्टीमीटरसकट फोटो, स्कॅनरवरचा फॉल्ट कोड असला तर तोही. हा क्लेम रिजेक्ट करायला कंपनीला कारण शोधावं लागेल.

आणि पंपाच्या बाबतीत ते एक कारण हमखास काढतात, पेट्रोलमध्ये पाणी. आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे, इथेनॉल पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाला बसतं आणि पंप खालनंच ओढतो. म्हणून पंप काढायच्या आधी गिऱ्हाईकासमोर टाकीच्या तळाचं पेट्रोल स्वच्छ पारदर्शक बाटलीत काढा, पाच-दहा मिनिटं टेबलावर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर गिऱ्हाईकाला तिथंच दाखवा की मामा, हे बघा, हे वॉरंटीत बसणार नाही, टाकी साफ करायला लागणार. थर नाही दिसला तर बाटलीचा फोटो क्लेमला जोडा. दोन्हीकडनं खरं तेच बाहेर येतं, आणि कुणीच कुणावर संशय घेत नाही.

काढलेला खराब पार्ट धुवू नका, उघडू नका. टॅग लावा, त्यावर क्लेम नंबर, पार्ट नंबर, चेसिस, किलोमीटर, तारीख, आणि वॉरंटीच्या रॅकमध्ये ठेवा. कंपनीचा माणूस तपासायला येतो किंवा पार्ट परत मागवतात, आणि तेव्हा पार्ट सापडला नाही तर पास झालेला क्लेमसुद्धा डेबिट होतो, म्हणजे दिलेले पैसे कंपनी परत कापून घेते. ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल, फिल्टर, प्लग ही झिजणारी वस्तू वॉरंटीत नसते, टायर आणि बॅटरीची वॉरंटी सहसा त्यांच्या त्यांच्या कंपनीकडं असते, हे गाडी देतानाच सांगायला पाहिजे, सेल्सवाली पोरं सांगत नाहीत आणि शिव्या सर्व्हिसला पडतात. बाहेरनं जादा लाइट, हॉर्न बसवताना वायरिंग कापलेलं असेल तर इलेक्ट्रिकलचा क्लेम जवळपास गेलाच समजा, म्हणून गाडी आत घेतानाच फोटो काढून ठेवा.

पैशाचंही थोडं बघा. वॉरंटीत डीलर आपल्या स्टॉकचा पार्ट लावतो, मजुरीही कंपनीच्या ठरलेल्या वेळेप्रमाणं आणि रेटनं मिळते जी बाहेरच्या मजुरीपेक्षा बऱ्याचदा कमी असते, आणि क्रेडिट नोट, म्हणजे कंपनीनं ते पैसे डीलरच्या खात्याला जमा धरल्याचा कागद, नंतर येते, कधी लवकर, कधी फार उशिरा. तोवर पैसे डीलरचे अडकलेले. म्हणून मेकॅनिक वॉरंटीचं काम आलं की तोंड वाकडं करतो, त्याचा इन्सेंटिव्ह पेड कामावर असतो ना. जिथं मालक दोन्ही कामांना सारखा इन्सेंटिव्ह देतो तिथं वॉरंटीची कामं नीट होतात हे मी डोळ्यानं बघितलंय. जीएसटीचंही जुलै २०२३ च्या सर्क्युलरनं स्पष्ट झालंय, वॉरंटीत फुकट बदललेल्या पार्टवर गिऱ्हाईकाकडनं टॅक्स घ्यायचा नाही, पण डीलर कंपनीकडनं पैसे घेतो तेव्हा त्यावर टॅक्स लागतो, त्यामुळं वॉरंटीची बिलं अकाउंटला वेळेवर गेली पाहिजेत.

आपल्याकडं पुराचं वेगळंच. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे विचार करा. त्यानंतर गाड्यांची जी रांग लागली, इंजिनातनं दुधाचा चहा ओतावा तसं ऑइल निघत होतं. पुराचं पाणी वॉरंटीत बसत नाही, ते इन्शुरन्सचं काम, आणि लोकांनी घरी किक मारून बघितलेली असली की नुकसान आणखी वाढतं. २०२१ च्या जुलैत परत तेच. अशा वेळी आसपासच्या सगळ्या डीलरांची एकाच वेळी बेअरिंग, वायरिंग, स्विचची ऑर्डर पडते आणि डेपो रिकामा होतो. तेव्हा कऱ्हाड, सातारा, कोल्हापूरच्या डीलरांच्या पार्टवाल्यांशी असलेली ओळखच कामाला येते. त्यांचे नंबर ठेवा, त्यांना पार्ट लागला तर तुम्हीही द्या, कागदावर द्या.

गिऱ्हाईकाशी बोलणं हा सगळ्यात अवघड भाग. एक वाक्य मला आयुष्यभर लक्षात राहील, काउंटरला एक शेतकरी म्हणाले होते, "ओ साहेब, गाडी घेताना पेढं दिलंसा, फोटो काढलासा, आता पार्ट मागतोय तर कंपनीकडं बोट दाखवताय व्हय?" त्यांचं काय चुकलं? त्यांच्यासाठी कंपनी म्हणजे आपणच. तेव्हा "दोन दिवसांत येतोय" असं अंदाजानं कधीच सांगू नका. सांगायचं ते खरं सांगा, काका, अमुक तारखेला ऑर्डर टाकलीय, हा नंबर, अजून डेपोतनं सुटलेला नाही, मी गुरुवारी फोन करतो. आणि गुरुवारी पार्ट आला नसला तरी फोन करा. न आलेल्या पार्टपेक्षा न आलेल्या फोनचा राग जास्त असतो.

घाईत नवीन विकायच्या गाडीचा पार्ट काढून लावायचा मोह होतो. कंपनीची लेखी परवानगी आणि नोंद असेल तरच, आणि ती गाडी पार्ट बसवून, पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीआधीची तपासणी, करूनच बाहेर गेली पाहिजे, नाहीतर पुढच्या गिऱ्हाईकाची फसवणूक होते, त्यात मी कुणाचंही ऐकत नाही. वॉरंटी संपलेल्या गाडीला बाहेरचा पार्ट लावायचा असेल तर गिऱ्हाईकाला आधी विचारा आणि सही घ्या.

कायदाही थोडा माहीत पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, तो २०२० च्या जुलैपासून लागू झाला, गिऱ्हाईक १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइन नंबरला फोन करू शकतं, जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतं, आणि तिथं कंपनीबरोबर डीलरलाही पार्टी करतात. तेव्हा ऑर्डरच्या तारखेची नोंद आणि कंपनीला पाठवलेले मेल हाच डीलरचा बचाव. डीलरला मात्र कंपनीविरुद्ध असा वेगळा कायदा नाही, अॅग्रीमेंट कंपनी लिहिते आणि डीलर सही करतो. २०२० ला हार्ले-डेव्हिडसननं इथलं कामकाज बंद करायचं जाहीर केलं तेव्हा डीलरांच्या गुंतवणुकीचं काय हा प्रश्न उघड्यावर आला होता, आणि फाडा ही डीलरांची संघटना कायद्याची मागणी करतच आलीय. पुढं स्वतःची सब-डीलरशिप घ्यायचा विचार असेल तर स्पेअर आणि वॉरंटीचं पान आधी वाचा, शोरूमच्या फर्निचरचं नंतर.

कंपनीच्या एरिया मॅनेजरला नुसता फोन करून काही होत नाही. दर सोमवारी एकच मेल, त्यात जॉब कार्ड नंबर, पार्ट नंबर, ऑर्डरची तारीख, गाडी किती दिवस उभी. महिनाभर अशी यादी गेली की वरच्यांनाही दिसतं आणि माणूस हलतो.

इंटरव्ह्यूला गेलात तर पगार विचाराच, पण पार्टचं स्टोअर आणि वॉरंटीचं रॅक बघायला मागा. रॅकमध्ये टॅग लावलेले पार्ट नीट दिसले, वॉरंटी बघायला स्वतंत्र माणूस आहे आणि त्या कामाला इन्सेंटिव्ह आहे म्हणाले, तर पगार थोडा कमी असला तरी तिथं लागा.