आजोबांचं मूळ गाव शोधताना आधी घरातली ट्रंक उघडा

मुंबईतून थेट गावच्या तहसील कचेरीत गेलात, तर बहुधा रिकाम्या हाताने परताल. तिथे पहिला प्रश्न असतो तो गाव कोणतं, तालुका कोणता. याचं उत्तर चाळीतल्या जुन्या ट्रंकेत सापडतं. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गिरणीतले कागद, जुनं रेशनकार्ड, गावाहून आलेली पत्रं आणि मनीऑर्डरच्या पावत्या बघा. पाकिटावरचा पत्ता आणि पोस्टाचा शिक्का नीट वाचा: पत्त्यातलं ‘मु.’ म्हणजे राहतं गाव, ‘पो.’ म्हणजे टपाल जिथे येतं ते गाव. ही दोन वेगळी असू शकतात. शोध नेमका इथेच चुकतो.

जिल्हाही तपासा. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली झाला. त्याआधीच्या कागदांवर मालवण, कुडाळ हे तालुके रत्नागिरीतच दिसतील. रायगडचं नाव तेव्हा कुलाबा होतं.

गाव पक्कं झालं की तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) आणि गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, यांच्या नकलांसाठी अर्ज करा. आडनावावर विसंबू नका. जुन्या नोंदीत ते बऱ्याचदा नसतंच. ‘राघो बिन गोविंद’ म्हणजे गोविंदाचा मुलगा राघो, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. म्हणून पणजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव घरातल्या सर्वांत वयस्कर आत्याला आजच विचारून लिहून ठेवा. नोंद जुन्या मोडी लिपीत असली तर स्वच्छ फोटो काढून मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या.