मुलांच्या सायकलचे पार्ट मिळत नाहीत? आधी या चुका टाळा

लेकीच्या सोळा इंची सायकलचं डावं पायडल तुटलं, तेव्हा ते पिशवीत टाकून मी घोडबंदर रोडवरची तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दोन ठिकाणी कंपनीचं नाव सांगितलं आणि "या कंपनीचं आपल्याकडे येत नाही" एवढं ऐकून बाहेर पडलो. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी नाव विचारलंच नाही. पायडल उलटं धरलं, आट्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दादा, हे अर्धा इंची. सायकल कुठंय?"

सायकल घरी होती, सातव्या मजल्यावर.

स्वस्त सायकलवरचं नाव म्हणजे बहुतेक वेळा नुसतं स्टिकर. आपल्याकडे सायकल आणि तिच्या सुट्या भागांचं मोठं केंद्र म्हणजे लुधियाना, आणि एकाच मापाचा माल वेगवेगळ्या नावांच्या सायकलींवर चढतो. म्हणून नाव सांगून पार्ट शोधायचा नाही, माप सांगून शोधायचा. त्याहून चांगलं म्हणजे जुना पार्ट काढून सोबत न्यायचा. त्याहूनही चांगलं म्हणजे सायकलच ढकलत न्यायची.

"सोळाचा टायर द्या"

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. सोळा हा आकडा अर्धाच आहे. टायरच्या कडेला बोट फिरवा, उठावदार अक्षरांत १६×१.७५, १६×२.१२५ किंवा १६×१ ३/८ असं काहीतरी सापडेल. पहिले दोन टायर एकाच रिमवर बसतात. तिसरा वेगळ्या रिमचा: टायर जिथे टेकतो त्या जागेचा व्यास पहिल्या दोघांत ३०५ मिमी, तर तिसऱ्यात साधारणपणे ३४९. चार सेंटिमीटरहून जास्त फरक, आणि नाव मात्र दोघांचं सोळाच. वीस इंचीतही हाच घोळ आहे, तिथे ४०६ आणि ४५१. थोडक्यात, दशांश चिन्हवाला आणि अपूर्णांकवाला टायर एकमेकांच्या जागी चालत नाही. काही टायरवर ४७-३०५ किंवा ५७-३०५ असाही आकडा असतो. त्यातला शेवटचा ३०५ जुळला की रिम जुळली. मोबाइलवर त्या आकड्यांचा फोटो काढा आणि दुकानात तोच दाखवा.

ट्यूब थोडीफार ताणली जाते, त्यामुळे १.७५ची २.१२५मध्ये निभावते. वॉल, म्हणजे हवा भरायचं तोंड, मात्र बघून घ्या. जुन्या पद्धतीच्या, आत रबरी वॉलट्यूब असलेल्या वॉलला पेट्रोल पंपावरची नळी बसत नाही. मोटरसायकलसारखा वॉल असेल तर बसते, पण तिथला दाब एवढ्याशा ट्यूबला सोसत नाही. हातपंप बरा.

आणि ज्यांची सायकल "ट्यूबलेस" म्हणून विकली गेली आहे त्यांनी आधी रिमला वॉलचं भोक आहे का ते बघावं. लहान मुलांच्या स्वस्त सायकलींत ट्यूबलेस म्हणजे अनेकदा भरीव टायर, आत हवाच नाही. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी अशा चाकासाठी ट्यूब आणली होती. पंक्चरवाल्याने ती हसत परत दिली.

पायडलने मला शिकवलेलं

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. हे मला ठाऊक होतं, तरीही घाईत मी उजवं पायडल डावीकडे घुसवायला बसलो होतो. जोर लावला असता तर क्रँकचे, म्हणजे पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचेच, आटे गेले असते. लहान सायकलींत दोन्हीकडचे क्रँक बऱ्याचदा एकाच वाकवलेल्या दांड्याचे असतात, म्हणजे डावीकडचे आटे गेले की अख्खा दांडा बदला. पायडलच्या दांडीच्या टोकाला एल किंवा आर कोरलेलं असतं, उजेडात धरून बघा. पाना वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे ओढला की घट्ट, मागे ओढला की सैल. हे दोन्ही बाजूंना लागू. पहिले तीन-चार फेरे मात्र पाना न लावता बोटांनीच फिरवायचे. बोटांनी फिरत नसेल तर पायडल तिरकं बसतंय किंवा माप चुकलंय.

मापं दोनच: अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, आणि नऊ-सोळांश, म्हणजे १४.३ मिमी. एकाच दांड्याच्या क्रँकला अर्धा इंची लागतं, मोठ्यांच्या सायकलला नऊ-सोळांश. घरी बसून ऑनलाइन मागवताना नेमकी हीच ओळ वाचायची राहते. मी मागवलेली पहिली जोडी मोठ्या सायकलची निघाली. ती अजून बाल्कनीत पडून आहे.

सपोर्टची चाकं

यांची पट्टी मागच्या एक्सलवर, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्यावर, बसते. जोडी आणण्याआधी एक्सल नटाच्या बाहेर किती उरतो ते बघा. पट्टीची जाडी वजा करून नटाला पुरेसे आटे उरायला हवेत. मध्ये कोणी आखूड एक्सल घातला असेल तर नट दोन आट्यांवर लटकतो आणि आठवडाभरात निघून येतो.

दुसरी चूक बसवताना होते. दोन्ही लहान चाकं एकाच वेळी जमिनीला टेकवायची नाहीत, दोन्हीकडे सेंटिमीटरभर जागा सोडायची. आमच्याकडे सोसायटीभर पेव्हर ब्लॉक, त्यात पावसाळ्यानंतर अर्धे खचलेले. चाकं टेकवून बसवली तेव्हा खचलेल्या जागी मागचं चाक अधांतरी राहायचं. लेक पायडल मारते आहे, चाक गरगर फिरतंय आणि सायकल जागची हलत नाही! मला वाटलं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं चेनचं दातेरी चक्र, गेलं. फ्रीव्हीलचा भाव विचारूनही आलो होतो. आणि ब्रेक मागच्या चाकालाच असेल तर अशा वेळी तोही कामाचा नाही.

चेनचं सोपं आहे. गिअर नसलेल्या सायकलला बहुतेक १/२×१/८ची चेन लागते. पार्किंगमध्ये पावसाची झड खाऊन गंजली म्हणून लगेच बदलू नका. २४ कड्या टेपने मोजा. बारा इंच भरल्या आणि सगळ्या कड्या वाकत असतील तर तेल पुरे, बारा इंचांवर एक सूत (१/८ इंच) वाढल्या असतील तर नवी आणा. जोडकडीच्या क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते तिकडे ठेवायची.

सीटची दांडी बारीक निघाली म्हणून भोवती पत्रा गुंडाळून बसवणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका, मूल बसलं की ती घसरते. मिलिमीटरचा फरकही इथे चालत नाही, म्हणून जुनी दांडी नेऊन जाडी जुळवूनच घ्या.

काही गोष्टी मात्र शोधायच्याच नाहीत. चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) वाकला असेल किंवा फ्रेमच्या जोडाला तडा गेला असेल तर वेल्डिंग करून मुलाला त्यावर बसवू नका. त्या सायकलची चाकं, ब्रेक, सीट, चेनकव्हर काढून ठेवा. असाच माल इमारतीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेला असतो, मुलं मोठी झालेल्या घरांचा. दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारात जाण्याआधी सेक्रेटरींना विचारून ठेवा. आमच्या सायकलचं डावं पायडल शेवटी बी विंगमधल्या एका सायकलचं मिळालं, अर्धा इंची. रंग गुलाबी, उजवं काळं. लेकीची त्याबद्दल तक्रार नाही.