पीएम किसानचा हप्ता अडकलाय? तालुक्याला पळायच्या आधी या चुका टाळा

हप्ता पडला की पारावर दोन प्रकारची माणसं दिसतात, एक मेसेज दाखवत फिरणारी आणि दुसरी "माझं नाव कापलं राव" म्हणणारी. या दुसऱ्यांतल्या बऱ्याच जणांचं नाव कापलेलं नसतंच, आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचं स्टेटस माझ्याच मोबाईलवर बघितलं जातं म्हणून सांगतोय.

पहिली चूक म्हणजे स्टेटस न बघताच गाडीभाडं खर्चून तालुक्याला जायचं. पीएम किसानच्या पोर्टलवर 'नो युवर स्टेटस'मध्ये नोंदणी क्रमांक टाका, विसरला असाल तर तिथंच आधार किंवा मोबाईल नंबरवरून मिळतो, मग लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडलीय का), ई-केवायसी (ओळख पडताळणी) आणि आधार-बँक सीडिंग (आधारला बँक खातं जोडलंय का) असं तीन ठिकाणी 'येस' नाहीतर 'नो' दिसेल. जिथं 'नो' आहे तेवढंच धरायचं, बाकी ठिकाणी हेलपाटे नकोत.

आता बँक, खरा घोळ इथंच होतो. माझ्या चुलत्यांनी सलग चार हप्ते बोंब मारली, पासबुक भरून आणायचे आणि शिव्या घालायचे, शेवटी बघितलं तर पैसे कधीतरी काढलेल्या आणि विसरलेल्या दुसऱ्या बँकेतल्या जनधन खात्यात साठत होते! कारण पैसे येतात आधार नंबरवर, आणि एनपीसीआयकडं, म्हणजे बँकांमधले ऑनलाईन व्यवहार चालवणाऱ्या संस्थेकडं, तुमच्या आधारापुढं ज्या बँकेची नोंद आहे तिथंच ते जातात, आणि ही नोंद एका वेळी एकाच बँकेची असते, शेवटी जिथं सीडिंग केलं तिची. "मी बँकेत आधारची झेरॉक्स दिलीय की" याला काही अर्थ नाही, ती केवायसी झाली, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, सीडिंगचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. कुठली बँक जोडलीय ते यूआयडीएआयच्या (आधारवाल्यांच्या) साईटवर फुकट दिसतं.

केवायसीचंही तसंच. अतिवृष्टीच्या अनुदानाला व्हीके नंबर (यादीतला विशिष्ट क्रमांक) घेऊन अंगठा दिला, रेशनला दिला, बँकेत दिला, मग लोकांना वाटतं झालं सगळं. पीएम किसानची ई-केवायसी वेगळी आहे बाबांनो. ओटीपीने घरी होते, आधारला मोबाईल जोडलेला नसेल तर सीएससीवर (गावातल्या ऑनलाईन सेवा केंद्रावर) अंगठा द्या, आणि म्हाताऱ्या माणसांचे ठसे उमटत नसतील तर पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवूनही होते.

जमिनीचं जरा किचकट आहे. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर नवीन लाभ मिळत नाही, वारसाने आली असेल तर मिळतो. म्हणून वडील वारल्यावर वारस नोंद लांबवू नका, फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर तुमचं नाव लागेपर्यंत पुढचं काहीच हलत नाही. वडिलांच्या नावावर हप्ते उचलत तर राहूच नका, वसुली निघते, म्हणजे घेतलेले पैसे परत भरावे लागतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं किंवा आयकर भरत असताना घेतलं तरी तेच.

राज्याच्या नमो शेतकरीचे ६,००० रुपये पीएम किसानच्याच यादीवरून येतात, त्याला वेगळा फॉर्म नाही, त्यामुळं "नमोचा फॉर्म भरून देतो, २०० द्या" म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. शेतकरी आयडी मात्र काढून ठेवा. आणि व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान डॉट एपीके' अशी फाईल आली तर उघडायचीच नाही, मग ती सख्ख्या मेव्हण्याने पाठवलेली का असेना, त्याचाच मोबाईल हॅक झालेला असतो.

लँड सीडिंग 'नो' असेल तरच तालुक्याला जा. आधार, ताजा सातबारा, ८अ आणि वारसा असेल तर फेरफार सोबत घ्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. पोच नसेल तर पुढच्या वेळी "तुमचा अर्जच आला नाही" ऐकावं लागतं, मी दोनदा ऐकलंय.