खारवलेल्या मटणाचं पोटभरीचं सॅलड: वाघ्या घेवडा, पाथरी आणि कडक भाकरीसह

युरोपात शिकारीचं मांस, विशेषतः हरणाचं, मीठ लावून सुकवतात. त्याचे कागदासारखे काप कडवट पाला, बीट, अक्रोड आणि आंबटगोड बेरीबरोबर एका ताटात मांडले की जेवण होतं. आपल्याकडे हरण, ससा किंवा रानडुक्कर मारणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे आणि असं मांस जवळ बाळगणंही. चांदोली-कोयनेच्या कडेच्या गावात कुणी 'रानातलं' म्हणून आणून दिलं तरी घेऊ नका. हरणं बघायची असतील तर सागरेश्वर अभयारण्य जवळच आहे.

हा पदार्थ बोकडाच्या मटणावर उत्तम जमतो. हरणाचं मांस खारवायला चांगलं, कारण त्यात चरबी फार कमी असते आणि सुकवताना खवट होते ती चरबीच. बोकडाच्या मागच्या मांडीतही चरबी कमी आणि ती कडेला असते, त्यामुळे काढता येते. सीना, चाप आणि गर्दन या कामाला नकोत. मेंढ्याच्या मटणाला चरबी जास्त आणि तिचा वासही जास्त, म्हणून तेही टाळा.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका: या ताटातलं मीठ मटणातून येणार. घेवडा, पाला, ड्रेसिंग, भाकरी सगळं अळणी किंवा जवळपास अळणी ठेवायचं. सॅलड खारट होऊन बिघडतं ते इथेच, सवयीनं घेवड्यात चमचाभर मीठ पडतं म्हणून.

मटण खारवणं

बिनहाडी मांडी 500 ग्रॅम घ्या. ही मापं चरबी काढल्यानंतरच्या वजनावर आहेत. खाटकाकडून तुकडे करून आणू नका, सलग तुकडा मागा. घरी वरचा पांढरा पडदा आणि दिसेल ती चरबी सुरीच्या टोकानं सोलून काढा. मग तुकडा फ्रीझरमध्ये पाऊण तास ठेवा. जरा कडक झाला की एकसारख्या पट्ट्या निघतात. पट्टी 5 मिलीमीटर जाड, बोटभर रुंद, आणि मांसाच्या धाग्याच्या दिशेनं कापलेली हवी. आता धाग्याबरोबर आणि खाताना धाग्याला आडवं, हा क्रम लक्षात ठेवा. आताच आडवं कापलं तर सुकताना पट्टीचा भुगा होतो.

मीठ 15 ग्रॅम, म्हणजे मटणाच्या 3 टक्के. ते चमच्यानं नको, काट्यावर मोजा. जाडं मीठ आणि बारीक मीठ यांच्या एकाच चमच्याच्या वजनात बराच फरक पडतो. त्यात किसलेला गूळ 8 ग्रॅम, भरड मिरी दीड चमचा, हळद अर्धा चमचा आणि ठेचलेल्या लसणाच्या पाचसहा पाकळ्या. सगळं पट्ट्यांना चोळा, काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात दाबून भरा, झाकण लावून फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात 24 तास ठेवा. बारा तासांनी उलटसुलट करा. तळाशी लालसर पाणी सुटेल, ते फेकू नका, पट्ट्या त्यातच राहू द्या. ॲल्युमिनियमचं भांडं मात्र नको, मीठ त्याला खातं.

मीठ वजनावर मोजलेलं असल्यानं पट्ट्या धुवायची गरज नाही. मुठीनं मीठ टाकणाऱ्यांना धुवावं लागतं, आणि तरी अंदाज चुकतो.

इंटरनेटवरच्या कृतींत गुलाबी क्युअरिंग मीठ दिसेल. त्यात सोडियम नायट्राइट असतं आणि अंदाजानं वापरलं तर ते विषारी ठरतं. बाजारात मिळणारं गुलाबी सैंधव वेगळं, दोघांचा रंग सारखा एवढंच. इथे मटण वाफवून मग सुकवायचं असल्यानं क्युअरिंग मिठाची गरज नाही.

वाफवणं आणि सुकवणं

हा टप्पा पुष्कळजण गाळतात. कच्चं मटण थेट कमी आचेवर सुकवलं तर वरचा भाग वाळतो, आणि आतले जंतू मरायच्या आत कोरड्या परिस्थितीला सरावतात, मग नंतरच्या उष्णतेला ते दाद देत नाहीत. म्हणून ओलसर असतानाच आतपर्यंत 71 अंश सेल्सियस उष्णता पोचायला हवी. मोदकपात्रात चाळणीवर पट्ट्या एकेरी पसरा आणि पाणी उकळायला लागल्यापासून 10 मिनिटं वाफवा. एक पट्टी मोडून बघा, आत गुलाबी रंग उरता कामा नये. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड पट्टीत टोचा.

वाफवलेल्या पट्ट्या फडक्यावर टिपून जाळीवर मांडा, एकमेकींना चिकटू देऊ नका. ओव्हन 75 अंशावर, चार ते पाच तास, दर दोन तासांनी पालथ्या. घरच्या छोट्या ओव्हनचा आकडा बऱ्याचदा 100च्या खाली जातच नाही. मग सर्वांत कमीवर ठेवून दारात लाकडी उलथनं अडकवा, म्हणजे वाफ बाहेर जाते आणि उष्णताही उतरते. घाई म्हणून आच वाढवलीत तर पट्टीवर कडक कवच धरतं आणि आतलं पाणी आतच अडकतं. अशी पट्टी बाहेरून वाळलेली दिसते आणि चार दिवसांत आतून आंबते.

गच्चीवरचं ऊन? माण, खटाव, जत, आटपाडीकडे एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत जमतं. त्यासाठी पट्टी 3 मिलीमीटरच ठेवा, मीठ 25 ग्रॅमपर्यंत वाढवा, वाफवून घ्या आणि मलमलीखाली दोरीवर टांगा. संध्याकाळी आत आणून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत न वाळल्यास तिसरा दिवस नको, ओव्हनमध्ये काम संपवा. खाण्याआधी अशा पट्ट्या दहा मिनिटं पाण्यात टाकून ठेवा, जादा मीठ उतरतं. महाबळेश्वर, पाटण, कोयनेच्या बाजूला हवेत ओल असते, तिथे आणि पावसाळ्यात सगळीकडेच, उन्हाचा विचार सोडून द्या.

झालं हे कसं कळेल? एक पट्टी गार करून वाकवा. गरम असताना ती मऊच लागते, त्यावर जाऊ नका. गार पट्टी वाकवली की वरच्या बाजूला तडा जाऊन पांढरे धागे दिसले पाहिजेत, पण ती काडीसारखी तुटता कामा नये. 500 ग्रॅमचं साधारण 200 ग्रॅम उरतं. वजन 250च्या वर असेल तर अजून तासभर लागेल.

कोरड्या बरणीत फ्रीजमध्ये दोन आठवडे, फ्रीझरमध्ये तीन महिने. तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका, हवा न लागणाऱ्या ओलाव्यात बोटुलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, धोका असतो. पट्टीवर कोरडी पांढरी भुकटी दिसली आणि पाण्यात विरघळली तर ते मीठ आहे. लोकरीसारखं, हिरवट किंवा बुळबुळीत काही दिसलं तर सगळी बरणी फेका, एकच पट्टी काढून चालत नाही.

घेवडा आणि भाकरी

कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. फिकट सालीवर लाल रेषा, शिजल्यावर गोडसर आणि साल न फुटता मऊ होणारा. चौघांसाठी कोरडा 200 ग्रॅम घ्या, आठ तास भिजवा आणि ते पाणी ओता. नवीन पाण्यात आधी उघड्या भांड्यात दहा मिनिटं खळखळून उकळा. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या घेवड्यात लेक्टिन असतं, त्यानं उलट्या-जुलाब होतात आणि मंद आचेवर नुसतं गरम केल्यानं ते जात नाही. या उकळीनंतर कुकरमध्ये दोन-तीन शिट्या. बोरचं जड पाणी असेल तर घेवडा शिजता शिजत नाही. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा. त्यानंही भागलं नाही तर चिमटीभर सोडा, पण त्याहून जास्त घातला की साल सुटते. जुना, दोन वर्षं डब्यात पडलेला घेवडा मात्र काही केल्या नरम येत नाही.

क्रूटॉनच्या, म्हणजे सॅलडातल्या पावाच्या कुरकुरीत तुकड्यांच्या, जागी शिळी ज्वारीची भाकरी. दोन भाकऱ्या बोटाएवढ्या तोडा, चमचाभर शेंगदाण्याचं तेल चोळा आणि लोखंडी तव्यावर मंद आचेवर 12 मिनिटं परता. शाळूची भाकरी इथे सरस, तिला गोडवा असतो.

पाला, फळ, ड्रेसिंग

पाथरी मिळाली तर अगदी योग्य. भाकरीबरोबर कच्ची खाल्ली जाते तीच ही, थोडी कडवट, मटणाचा खारटपणा तोडणारी. नाही मिळाली तर कोवळी मेथी, तिच्यात मूठभर घोळ मिसळा. एकूण 150 ग्रॅम पाला, तीन पाण्यांत धुवून कापडावर पूर्ण कोरडा केलेला. ओल्या पाल्यावर तेल धरत नाही, ते सगळं तळाशी जातं.

फळाशिवाय हे सॅलड अर्धवट वाटतं. उत्तर युरोपात हरणाबरोबर लिंगनबेरी देतात त्याला कारण आहे: आंबटगोडानं मांसाचा उग्रपणा बसतो. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आठ-दहा, चार भाग करून. त्यानंतरच्या दिवसांत तासगावचा बेदाणा 30 ग्रॅम, लिंबाच्या रसात अर्धा तास भिजवून. दोन्ही एकदम घालू नका, गोड जास्त होतं. एक मध्यम बीट सालीसकट उकडून फोडी करा आणि वेगळं ठेवा, नाहीतर घेवडा गुलाबी होतो.

ड्रेसिंगसाठी एक चमचा मोहरी कुटून दोन चमचे गार पाण्यात भिजवा आणि दहा मिनिटं थांबा. झणका या वेळात तयार होतो. लिंबू आधीच पिळलं तर तो नीट येत नाही, आणि गरम पाण्यानं तर मरतोच. मग लिंबाचा रस 30 मिलिलिटर (बेदाण्याचा उरलेला रस त्यातच धरा), गूळ एक चमचा, आणि धारेनं घालत घाण्याचं शेंगदाण्याचं तेल 45 मिलिलिटर फेसून घ्या. मीठ नाही.

ताट लावणं

घेवडा कोमट असतानाच दोन तृतीयांश ड्रेसिंग घालून 20 मिनिटं मुरू द्या. गार घेवडा चव ओढत नाही. एक कांदा पातळ चिरून त्यातच टाका.

आता मटण. 200 ग्रॅमपैकी 120 ग्रॅमच घ्या. त्यात साधारण 9 ग्रॅम मीठ असतं (वाफेवर थोडं गळून जातं), म्हणजे माणशी सव्वादोन. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ असावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. म्हणून याच्याबरोबर लोणचं-पापड नको, आणि रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांच्या ताटात मटण निम्मं. पट्ट्या धाग्याला आडव्या, कात्रीनं 2 मिलीमीटर बारीक कापा. त्यावर दोन चमचे पाणी शिंपडून पाच मिनिटं ठेवा आणि तापलेल्या तव्यावर चमचाभर तेलात 40 सेकंद परता. गूळ असल्यानं एका मिनिटात करपतं, हात थांबवू नका. एवढं करूनही दाताला चिवट लागलं तर काप धाग्याबरोबर गेलाय, तो चिवटपणा शिजवून जात नाही.

परातीत पाला उरलेल्या ड्रेसिंगमध्ये हातानं हलका उलटा. त्यावर घेवडा, कडेनं बीट आणि फळ, भाजून भरडलेले शेंगदाणे 60 ग्रॅम, आवडत असेल तर चक्क्याचे चार-पाच छोटे गोळे. मटण वरून, गरम असतानाच. भाकरीचे तुकडे पानात वाढताना घाला, कारण दहा मिनिटांत ते लिंबू पिऊन मऊ पडतात. आता चाखून बघा, मीठ कमी वाटलंच तर इथे चिमटीभर.

डब्यासाठी करायचं असेल तर घेवडा-कांदा एका डब्यात, पाला आणि मटण दुसऱ्यात, भाकरी कागदात. घेवडा फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगला राहतो, ड्रेसिंग लागलेला पाला मात्र तासाभरात मान टाकतो.