मायलेजसाठी हलकी चाकं घ्यायचीत? दुकानात जाताना वजनकाटा सोबत न्या

मागच्या दिवाळीला आमच्या चुलतभावाने स्विफ्टला अलॉय, म्हणजे अॅल्युमिनियमची चाकं, टाकायचं काढलं. म्हणला, दादा, अलॉय हलकं असतंय, मायलेज दोन-तीनने वाढतंय म्हणे. हे कोण म्हणलं तर दुकानवाला म्हणला. मी म्हणलं चल, मी पण येतो, आणि निघताना शेतातला हुकाचा काटा गाडीत टाकला, वेचणीच्या वेळेस बायांचा कापूस मोजायला असतो ना, तो. दुकानात त्याच्या गाडीची लोखंडी डिस्क (म्हणजे टायर ज्यावर बसतो ते चाक) टायर काढून काट्याला अडकवली, भरली ७ किलो २००. मग त्याने पसंत केलेलं १५ इंची अलॉय अडकवलं तर ७ किलो ९००. दुकानवाला थोडा वेळ काट्याकडंच बघत राहिला आणि मग म्हणतो, भाऊ, ते डिझाइनचं वजन आहे.

आता डिझाइनचं वजन कशातून वजा करायचं हे त्यानेच सांगावं. पण त्याची पूर्ण चूक नव्हती. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास एक तृतीयांश वजनाचं असतं हे खरं, फक्त ते तेवढं दणकट नसल्याने चाक जाड ओतावं लागतं आणि वर आपण साइज पण वाढवून घेतो, म्हणून कमावलेलं वजन परत येऊन बसतं. त्यामुळं चाक-टायर बदलायचेच असतील आणि डोक्यात मायलेज असेल, तर मी ज्या क्रमाने बघतो तो क्रम सांगतो.

पायरी १: आपली गाडी कुठं पळते ते बघा

चाकाचं वजन डिक्कीतल्या पोत्यासारखं नसतं. ते पुढंही जातं आणि फिरतंही, म्हणून गाडी उचलताना चाकाच्या कडेला असलेला एक किलो जवळपास दोन किलोसारखा ओढ घेतो. पण हे फक्त वेग वाढवताना. संभाजीनगरला जालना रोडवर सिग्नल टू सिग्नल जाणाऱ्याला हलक्या चाकाचा थोडा फायदा, आणि परभणीहून निघून ८० च्या स्पीडने नुसतं चालत राहणाऱ्याला जवळपास काहीच नाही, कारण तिथं पेट्रोल खातो तो वारा आणि टायरचा रोलिंग रेझिस्टन्स. म्हणजे टायर प्रत्येक फेऱ्याला जमिनीपाशी दबतो, परत फुगतो, आणि त्यात जी ताकद जाते ती उष्णता होऊन उडून जाते. लांबून आल्यावर टायरला हात लावून बघा, ते जे गरम लागतंय ते तुमचंच पेट्रोल आहे (सगळं नाही, थोडं ऊनपण असतंय आपल्याकडं).

साधारण हिशोब असा धरतात की रोलिंग रेझिस्टन्स १० टक्के कमी झाला तर इंधन १ ते २ टक्के वाचतं. वर्षाला १२,००० किलोमीटर, मायलेज २०, म्हणजे ६०० लिटर पेट्रोल. २ टक्के म्हणजे १२ लिटर. १०५ रुपये भाव धरला तर १,२६० रुपये. अलॉयच्या सेटला २०-२५ हजार मोजणाऱ्याने हा आकडा एकदा वहीत लिहून बघावा. दिसायला भारी म्हणून घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, माझं काही म्हणणं नाही, फक्त बायकोला मायलेजचं कारण सांगू नका.

पायरी २: टायरवरचं वाचा

टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं, समजा १६५/८० आर १४ ८५ टी. १६५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल, १४ म्हणजे डिस्कचे इंच. ८५ हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो, आणि टी म्हणजे ताशी १९० पर्यंतचा. लोड इंडेक्स कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी कधीच घेऊ नका, आपल्याकडं पाच सीटर गाडीत लग्नाला किती जण बसतात ते मला सांगायला लावू नका.

मग टायरच्या बाजूला DOT अशी अक्षरं असतात, त्यापुढचे शेवटचे चार आकडे बघा. २३२५ असेल तर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. ऑफरमधला टायर दोन-अडीच वर्षं गोडाऊनला पडलेला निघू शकतो, म्हणून आकडा वाचून मगच भावाचं बोला. आणि आयएसआयचा शिक्का पाहिजेच.

पायरी ३: साइज वाढवायचा मोह सोडा

माझं मत इथं एकदम पक्कं आहे. मायलेज पाहिजे तर तुमच्या मॉडेलला कंपनी जी सगळ्यात लहान आणि अरुंद साइज देते तीच ठेवा. वॅगनआरला खालच्या व्हेरियंटला १५५/८० आर १३ येतो, स्विफ्टला १६५/८० आर १४, हे काय कंपनीने नुसतं पैसे वाचवायला दिलेलं नाही. अरुंद टायर हलका असतो, वारा कमी अडवतो, आणि भिंत उंच असल्याने खड्ड्यात डिस्कच्या आधी रबर मार खातं. आपल्या फाट्यापासून गावापर्यंतचा जो रस्ता असतो, त्यातून ऊस पडायच्या दिवसात डबल ट्रॉली गेलेल्या असल्या की काय होतं माहीतच आहे. लोखंडी डिस्क वाकली तर बाभळीखालच्या पंक्चरवाल्याकडं घणाने ठोकून कामचलाऊ होते, अलॉयला तडा गेला तर विषय संपला, वेल्डिंग करून देणारे भेटतात पण त्यावर लेकरंबाळं घेऊन फिरू नये.

तरी वाढवायचंच असेल तर पूर्ण चाकाची उंची काढा. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२, वर आणि खाली मिळून २६४, त्यात १४ इंच म्हणजे ३५५.६ मिळवा, झाले ६१९.६ मिलिमीटर. आता स्विफ्टच्याच वरच्या व्हेरियंटचा १८५/६५ आर १५ घ्या, तो येतो ६२१.५. दोन मिलिमीटरचा फरक, म्हणजे कंपनीने नीट हिशोब करून दिलाय. पण आमच्या ओळखीतल्या एकाने त्याच १४ च्या डिस्कवर १८५/६० टाकला, दिसायला फुगीर म्हणून. त्याची उंची ५७७.६. चाक जवळपास ७ टक्के लहान झालं, मीटर तेवढं जास्त किलोमीटर दाखवायला लागलं, आणि हा वर्षभर सगळ्यांना सांगत फिरला की टायर बदलल्यापासून एव्हरेज वाढलं! वाढलं काही नव्हतं, मीटर थापा मारत होतं.

पायरी ४: टायर निवडताना

दुकानात "मायलेजवाला टायर द्या" म्हणलं की दोन वेगळ्या गोष्टी मिळतात, कारण आपल्याकडं मायलेज म्हणजे टायर किती किलोमीटर टिकतो हे पण आणि पेट्रोल किती वाचतं हे पण. त्यामुळं नीट विचारा, रोलिंग रेझिस्टन्स कमी असलेला कोणता. पंखा-फ्रीजवर असतं तसं ऊर्जा दक्षता ब्युरोचं स्टार लेबल टायरला पण आहे, सगळ्यांवर दिसणार नाही पण ज्यावर आहे तिथं जास्त स्टार म्हणजे कमी पेट्रोल. सिलिका जास्त असलेलं रबर चांगलं, ते कमी तापतं आणि ओल्यात पकडही धरून ठेवतं.

ओल्यातली पकड विसरू नका. जूनमध्ये ट्रॅक्टर शेतातून बाहेर पडतात आणि डांबरावर काळ्या मातीचा थर बसतो, वरून दोन थेंब पडले की तो साबणासारखा होतो. लिटरभर पेट्रोलसाठी दगडासारखं कडक रबर घेऊन तिथं ब्रेक दाबायचा का, तुम्हीच ठरवा. आणि नवीन टायर टाकल्यावर पहिले काही हजार किलोमीटर एव्हरेज थोडं पडलेलं दिसलं तर घाबरू नका, झिजलेल्या टायरपेक्षा नव्याची खोल नक्षी जास्त हलते म्हणून तसं होतं.

पायरी ५: अलॉय घेणारच असाल तर

काटा लावा, मी चेष्टेने नाही म्हणत. डिस्क आणि अलॉय, दोन्ही टायरशिवाय मोजा. त्याच इंचात अर्धा-एक किलो कमी भरत असेल तरच हलकं म्हणायचं. साधं ओतीव अलॉय जड असतं, फ्लो फॉर्म्ड (ओतून मग कडा दाबून ताणलेलं) त्याहून हलकं, फोर्ज्ड (दाबून घडवलेलं) सगळ्यात हलकं पण त्याच्या किमतीत जुनी मोटरसायकल येईल.

मागच्या बाजूला मॅक्स लोड कोरलेला बघा. नटांच्या वर्तुळाचं माप जुळलं पाहिजे, स्विफ्ट-वॅगनआरला ते ४×१०० आहे. मधलं भोक हबवर (गाडीचा जो गोल भाग चाक धरतो त्यावर) नीट बसलं पाहिजे, सैल असेल तर मध्ये रिंग टाकून घ्या नाहीतर ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं. ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते माप, कंपनीच्या जवळपासचाच ठेवा, चाक मडगार्डच्या बाहेर आलं की बेअरिंगवर लोड येतो आणि चिखल थेट दारावर. विमा कंपनीला पण कळवून पॉलिसीत लिहून घ्या.

पायरी ६: हवा

काही विकत न घेता पेट्रोल इथं वाचतं आणि इथंच कुणी लक्ष देत नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा तुमचा. सगळ्या टायरमध्ये हवा ५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) कमी असली तर साधारण १ टक्का पेट्रोल गेलं, टायर कडेने झिजला तो वेगळाच. हवा सकाळी थंड टायरमध्येच तपासा. आपल्याकडं मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, दुपारी चालून आलेल्या टायरची हवा चार-पाचने जास्त दाखवते आणि पंपावरचा पोरगा ती काढून टाकतो, मग सकाळी टायर बसलेला. समृद्धीवर काँक्रीटवरून १२० ने जायचं असेल तर हे जास्तच जपा, कमी हवेचा टायर दबून दबून तापतो आणि फुटतो. उलट मायलेजसाठी ४० भरणारेही आहेत, त्यांचे टायर मधोमध झिजतात आणि खड्ड्यात गाडी चेंडूसारखी उडते. नायट्रोजन फुकट असेल तर भरा, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

पायरी ७: बसवताना

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करूनच बाहेर पडा. नट हाताने चालू करायला लावा, डायरेक्ट गनने नाही, आणि शंभरेक किलोमीटर झाले की पान्याने परत एकदा सगळे नट बघा. अलॉयला वेगळे नट आले असतील तर जुने चार डिक्कीत ठेवा, कारण स्टेपनी लोखंडीच राहते आणि अलॉयचा नट तिला बसेलच असं नाही. आमचा भाऊ हेच विसरला होता. त्याने शेवटी १४ चंच हलकं अलॉय घेतलं, ६ किलो ४०० भरलेलं, आणि पंधरा दिवसांनी जिंतूर रोडवर बाभळीचा काटा घुसला तेव्हा जुने नट घरी माळवदावर पोत्यात. मी मोटरसायकलवर घेऊन गेलो.