शेणातल्या बुरशीकडून प्रतिजैविक शोधायचं असेल तर

प्रकल्पासाठी बुरशी कुठून आणू, असं एम.एस्सी.ची मुलं विचारतात तेव्हा मी शेण आणायला सांगते. शेणाच्या एका पोवर असंख्य जिवाणू आणि बुरश्या त्याच अन्नासाठी झगडतात. शेजाऱ्याला मारणारं रसायन बनवणारी तिथे तगते. २०१४ साली कोप्सिन हे जिवाणूनाशक सापडलं, ते शेणावर वाढणाऱ्या कोप्रिनॉप्सिस या भूछत्रातच.

शेण रानात चरणाऱ्या गुराचं घ्या. नुकतीच प्रतिजैविकाची सुई दिलेल्या जनावराचं नको. झाकणाच्या काचेच्या भांड्यात ओल्या टिपकागदावर ठेवून भांडं खिडकीपाशी उजेडात ठेवा. आठवडाभरात पायलोबोलस या बुरशीचे काचेसारखे देठ दिसतील. सुंदर दिसतात, पण मी थांबते. दहाव्या दिवसानंतर उगवणाऱ्या बुरश्या मला जास्त हव्या असतात. त्यांचे बीजाणू निर्जंतुक सुईने बटाटा-डेक्स्ट्रोज अगार या बुरशी वाढवायच्या घट्ट माध्यमावर घ्या: लिटरभर पाण्याला २०० ग्रॅम बटाट्यांचा काढा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५ ग्रॅम अगार, १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केलेलं.

जिवाणू वाढू नयेत म्हणून या माध्यमात क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक घालतात. माझा दीड महिना त्यातच गेला. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू पसरलेल्या चाचणीच्या प्लेटवर, बुरशी वाढलेल्या माध्यमाच्या तुकड्याभोवती मोठा स्वच्छ झोन (जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) आला, मी रात्री झोपले नाही. तो झोन माध्यमातल्या क्लोरॅम्फेनिकॉलचा होता. तेव्हापासून नियम एकच: बुरशी दोनदा क्लोरॅम्फेनिकॉल नसलेल्या साध्या माध्यमावर उतरवायची (नव्या प्लेटवर वाढवायची), आणि चाचणीच्या प्रत्येक प्लेटवर बुरशी न लावलेल्या त्याच माध्यमाचा तुकडाही ठेवायचा. काही बुरश्या नुसतं आम्ल सोडूनही जिवाणूंना रोखतात, म्हणून पीएच बघा.

झोन टिकला तर बुरशी द्रव माध्यमात वाढवून इथाइल ॲसिटेट या द्रावकाने अर्क काढा. अर्कात भिजवून वाळवलेल्या कागदी डिस्कशेजारी नुसत्या इथाइल ॲसिटेटची, वाळवलेली डिस्क हवीच. मग एलसी-एमएस (अर्कातले घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारी चाचणी) करून वस्तुमान ज्ञात संयुगांशी ताडून बघा. बहुतेक वेळा ओळखीचंच काहीतरी निघतं, कधी पॅट्युलिनसारखं विषही. १९४०च्या दशकात पॅट्युलिनकडे सर्दीचं औषध म्हणून आशेने पाहिलं गेलं होतं. म्हणून अर्क प्राण्यांच्या पेशींवर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हे सारं प्रयोगशाळेतच, लॅमिनार फ्लोखाली (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या कपाटात) करा. आणि झोन दिसला त्याच दिवशी ती बुरशी ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० अंशांवर ठेवा. पुन्हा पुन्हा उतरवल्यावर काही बुरश्या ते रसायन बनवणंच थांबवतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे. एक नमुना तिथेही द्या.